एचडी डीव्हीडी, ब्लू-रे की फोर-के: काकांचं कपाट पुण्याला आणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतले काका मोठं घर विकून लहान घरात जाताहेत. २००६ ते २००८ या काळात त्यांनी हौसेने घेतलेला तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर, एक ब्लू-रे प्लेअर आणि दोन्ही प्रकारच्या मिळून शंभरेक डिस्क ते तुम्हाला द्यायला तयार आहेत. तुम्ही पुण्यात, घरी नुकताच ५५ इंची फोर-के टीव्ही आलाय. यातलं काय आणण्यासारखं आहे, नवा प्लेअर घ्यायचा तर कोणता, आणि एचडी डीव्हीडी व ब्लू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या दोन स्पर्धक डिस्क-फॉरमॅटमध्ये खरं सरस कोण होतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. एचडी डीव्हीडीचा प्लेअर आणि त्याच्या डिस्क तिकडेच राहू द्या. दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील. ब्लू-रेच्या डिस्क सगळ्या आणा. ब्लू-रे प्लेअरही आणा, जुना असला तरी, कारण तो अमेरिकेतला आहे आणि इथे त्याचं मोल तेवढ्यासाठीच आहे. नवा घ्यायचा तर फोर-के ब्लू-रे घ्या, साध्या ब्लू-रेवर आज पैसे घालू नका. मात्र खरेदीआधी कागद घेऊन बसा आणि जे चित्रपट डिस्कवरच पाहायचे आहेत त्यांची नावं लिहा. यादी विसाच्या आत आटोपली तर प्लेअर घेऊच नका.

होम थिएटर बसवणं आणि प्लेअर-अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती हा माझा व्हीसीआरच्या जमान्यापासूनचा धंदा. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं भारी कोणतं? टीव्ही किंवा स्पीकरबद्दल हा प्रश्न ठीक आहे. डिस्क प्लेअर वेगळा. त्यात घालायला काय मिळतं, ते कोण छापतं आणि आणखी किती वर्षं छापणार, यावर त्याची किंमत ठरते. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या भांडणाचा निकाल यावरच लागला, म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो. काकांच्या कपाटाचा निवाडा त्यातूनच होईल.

दोन्हींचा लेसर एकच होता, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक होतो आणि डिस्कवर माहिती साठवणारे तितके बारीक खड्डे वाचता येतात. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात गॅलियम नायट्राइडवर जे काम केलं त्यातून निळा एलईडी आणि पाठोपाठ हा लेसर हाती आला; एलईडीच्या कामासाठी त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही गटांचं मूळ भांडवल सारखंच होतं.

फरक होता भिंगात. ठिपका किती बारीक होईल हे तरंगलांबीइतकंच भिंगाच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरवर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं यावर ठरतं. एचडी डीव्हीडीने ते ०.६५ ठेवलं, ब्लू-रेने ०.८५. त्यामुळे शेजारच्या दोन ट्रॅकमधलं अंतर एचडी डीव्हीडीत ०.४० मायक्रॉन राहिलं, ब्लू-रेत ०.३२ वर आलं, आणि एका थरात मावणारा मजकूर १५ जीबी विरुद्ध २५ जीबी असा झाला. दोन थरांच्या डिस्कवर ३० विरुद्ध ५०. डीव्हीडीच्या दोन थरांत ८.५ जीबी मावतात, हे आठवलं म्हणजे दोन्हींची झेप लक्षात येते.

पण मोठं अ‍ॅपर्चर फुकट मिळत नाही. डिस्क किंचित कलली तरी ठिपका विस्कटतो, आणि खड्ड्यांवरचा पारदर्शक थर जितका जाड तितका हा त्रास वाढतो. म्हणून ब्लू-रेवाल्यांनी तो थर ०.१ मिलिमीटरवर आणला. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचाच ०.६ मिलिमीटर ठेवला. हा एवढासा आकडा पुढच्या सगळ्या रामायणाच्या मुळाशी आहे. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवायच्या ही डीव्हीडीची जुनीच रीत. त्यामुळे डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्याला थोडे बदल करून एचडी डीव्हीडी काढता येत होती. ब्लू-रेसाठी नवी यंत्रं लागत होती. शिवाय इतक्या पातळ थराखाली मजकूर म्हणजे ओरखड्यांची धास्ती. सोनीने एप्रिल २००३ मध्ये जपानमध्ये पहिला ब्लू-रे रेकॉर्डर विकायला काढला तेव्हा त्याची डिस्क प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बंद असायची. पुढे टीडीकेसारख्या कंपन्यांनी पृष्ठभागावर कडक लेप देण्याची पद्धत बसवली आणि कार्ट्रिज गेलं.

दुरुस्तीवाल्याच्या नजरेने यातून एक गोष्ट निघते, ती लक्षात ठेवा. ब्लू-रेला ओरखडा सहसा पडत नाही, पण पडलाच तर ती डिस्क गेली. डीव्हीडीचा ०.६ मिलिमीटरचा थर घासून, पॉलिश करून वाचवता येतो. ब्लू-रेत घासायला काही उरलेलंच नसतं. पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात ब्लू-रे देऊ नका.

आता चित्राबद्दल. दोन्हींवर १९२० बाय १०८० चं चित्र, चित्रपटाच्या मूळ २४ फ्रेमच्या वेगाने. दोन्हींना एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एव्हीसी हे तिन्ही कोडेक, म्हणजे चित्र आकसून साठवण्याच्या पद्धती, चालत. चित्रासाठी ब्लू-रेला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा होती, एचडी डीव्हीडीला २९.४ पर्यंत. कागदावर ब्लू-रे पुढे, पण पडद्यावर हा फरक फारसा कोणाला दिसला नाही. वॉर्नर बराच काळ दोन्हीकडे चित्रपट काढत होती आणि पुष्कळदा एकच एन्कोड दोन्ही डिस्कवर टाकत होती. एकाच फायलीच्या दोन प्रतींवरून मैत्रिणी-मित्रांची भांडणं झालेली मी ऐकली आहेत.

उलट पहिल्या काही महिन्यांत एचडी डीव्हीडीच उजवी दिसत होती. तिचे चित्रपट नव्या व्हीसी-१ कोडेकमध्ये येत होते. ब्लू-रेचे सुरुवातीचे बरेचसे चित्रपट जुन्या एमपीईजी-२ मध्ये, एकाच थरावर कोंबलेले. त्यात सॅमसंगच्या पहिल्या ब्लू-रे प्लेअरमध्ये नॉइज रिडक्शनची, म्हणजे चित्रातले दाणे पुसण्याची, सेटिंग जास्त राहून गेली होती आणि चित्र मऊ पडायचं. किंमत बघा: तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत एप्रिल २००६ मध्ये ४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा ब्लू-रे जूनमध्ये ९९९ डॉलरला. तोशिबाच्या त्या डब्यात चक्क पेंटियम ४ प्रोसेसर होता. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा टाकून यावा, पण तोशिबा तो तोट्यात विकत होती.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. एचडी डीव्हीडी पहिल्या दिवसापासून पूर्ण होती. प्रत्येक प्लेअरला इंटरनेटचं सॉकेट, चित्रात चित्र दाखवण्यासाठी दुसरा डीकोडर, हे नियमातच होतं. ब्लू-रेने या गोष्टी ‘प्रोफाइल’ नावाच्या टप्प्यांत, हप्त्याहप्त्याने आणल्या: आधी प्रोफाइल १.०, मग नोव्हेंबर २००७ पासून नव्या प्लेअरना १.१, मग इंटरनेटवालं २.०. ज्यांनी हजार डॉलर मोजून पहिला प्लेअर घेतला त्यांना पुढच्या डिस्कवरच्या जादा गोष्टी दिसल्याच नाहीत. आणि एचडी डीव्हीडीला रीजन कोड, म्हणजे डिस्क ठराविक देशांतल्या प्लेअरवरच चालू देणारी अट, नव्हती. अमेरिकेत घेतलेली डिस्क जपानमध्ये चालायची, भारतातही चालली असती. निव्वळ वस्तू म्हणून तोलायचं तर २००६ साली एचडी डीव्हीडी जास्त तयार होती, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही काकांनी तेव्हा मला विचारलं असतं तर माझा सल्ला ब्लू-रेचाच असता.

कारण चित्रपट. सोनी, डिस्ने, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, लायन्सगेट हे ब्लू-रेकडे होते. एचडी डीव्हीडीकडे एकट्या तिच्याशी बांधलेला मोठा स्टुडिओ म्हणजे युनिव्हर्सल. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. १९७० च्या दशकात सोनीने बीटामॅक्स हे व्हिडिओ कॅसेटचं तंत्र काढलं आणि जेव्हीसीच्या व्हीएचएसपुढे ते हरलं. त्यानंतर १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया हा स्टुडिओच विकत घेतला. पुढचा फॉरमॅट आणताना चित्रपटांसाठी कोणाच्या दारात उभं राहायची वेळ तिच्यावर येणार नव्हती. तोशिबाकडे स्टुडिओ नव्हता. तिला दरवेळी दुसऱ्याला राजी करावं लागत होतं. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन फक्त एचडी डीव्हीडीकडे आले, तेव्हा त्यासाठी १५ कोटी डॉलरच्या आसपास सवलती दिल्या गेल्याचं अमेरिकी वर्तमानपत्रांत छापून आलं होतं.

दुसरं कारण प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे घालून विकलं. लोकांनी गेमसाठी घेतलं आणि ब्लू-रे प्लेअर आपोआप घरात आला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह काढला खरा, पण वेगळा, १९९ डॉलरचा. वेगळी वस्तू वेगळ्या पैशाने घेणारे कायम थोडे. लढाई संपली तेव्हा प्लेस्टेशन ३ जगभरात एक कोटीच्या घरात पोचलं होतं, एचडी डीव्हीडीची सगळी यंत्रं मिळून दहा लाखांच्या आसपास होती.

तोशिबाने मग किंमत पाडली. नोव्हेंबर २००७ च्या सुरुवातीला वॉलमार्टने एचडी-ए२ हा प्लेअर ९८.८७ डॉलरला काढला आणि लोकांनी रांगा लावल्या. पाच डिस्क पोस्टाने फुकट, अशीही योजना चालू होती. काकांचं कपाट बहुधा त्याच दिवसांत भरलं असेल. पण स्वस्त यंत्र घरोघरी गेलं तरी त्यात घालायला डिस्ने नाही, फॉक्स नाही, सोनी नाही. दरम्यान दोन्ही चालवणारी यंत्रंही निघाली. एलजीने २००७ मध्ये १,१९९ डॉलरला एक काढलं. वॉर्नरने तर एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला ब्लू-रे अशी डिस्क जाहीर केली होती, ती बाजारात कधी आलीच नाही.

४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. लास व्हेगासचं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन दोन-तीन दिवसांवर होतं. एचडी डीव्हीडी गटाने तिथली आपली पत्रकार परिषद रद्द केली. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स, जी तेव्हा पोस्टाने डिस्क पाठवायची, आणि बेस्ट बाय ही दुकानांची साखळी ब्लू-रेकडे वळली. १५ ला वॉलमार्ट. १९ फेब्रुवारीला तोशिबाने धंदा बंद करत असल्याचं सांगितलं. दीड महिन्यात खेळ खलास. पुढच्या वर्षी तोशिबा स्वतःच ब्लू-रे संघटनेत दाखल झाली. त्या दीड महिन्यात एचडी डीव्हीडीच्या चित्रात एका रेषेचाही फरक पडला नव्हता, बदलली ती छापणाऱ्यांची यादी.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्याकडे व्हीसीडीचं राज्य होतं. मोझर बेअरने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा इथल्या बाजारात खरी खळबळ त्याची झाली. लाल डबीतली एचडी डीव्हीडी इथे पाहायला मिळायची ती परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेत. त्यामुळे ती चालवणारा, दुरुस्त करणारा किंवा तिचा सुटा भाग ठेवणारा माणूस इथे तयारच झाला नाही.

आता कपाट उघडू. काकांना सांगा, आधी डब्यांच्या रंगावरून वाटणी करा: लालसर ते एचडी डीव्हीडी, निळे ते ब्लू-रे, काळे निघाले तर फोर-के.

लाल डब्यांचं काय? ती डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही. लेसर एक असला तरी भिंग आणि थराची जाडी वेगळी, हे वर आलंच. चालवायची तर तोशिबाच्या प्लेअरसारखं एचडी डीव्हीडी वाचणारं यंत्रच हवं, आणि त्यातली लेन्स गेली की ते भंगारात. दुसरं दुखणं डिस्कचंच आहे. एचडी डीव्हीडीच्या चिकटवलेल्या थरांमध्ये वर्षांनंतर बिघाड होतो आणि चांगली दिसणारी डिस्क मध्येच अडकते. वॉर्नरच्या एचडी डीव्हीडी यात आघाडीवर असल्याची तक्रार जगभरचे संग्राहक करतात. अडकण्याची नेहमीची जागा म्हणजे पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाण्याचा क्षण, साधारण चित्रपटाच्या मध्याच्या आसपास. वॉर्नरने २००९ मध्ये एका डिस्कमागे ४.९५ डॉलर घेऊन एचडी डीव्हीडीच्या बदल्यात ब्लू-रे द्यायची योजना काढली होती. काकांनी तेव्हा ती साधली असती तर बरं झालं असतं. ती कधीच बंद झाली.

अपवाद दोन म्हणालो होतो. पहिला, कॉम्बो डिस्क: एका बाजूला एचडी डीव्हीडी, पाठीमागे साधी डीव्हीडी. युनिव्हर्सलने अशा पुष्कळ काढल्या. तीनशे पानी पुस्तकाइतकीही जागा न घेता पाच-पंचवीस डीव्हीडी येतील. त्या बहुधा रीजन १ च्या असतील, भारतातला प्लेअर रीजन ५ चा. पण डीव्हीडीचा रीजन काढून टाकलेले प्लेअर आपल्याकडे सहज मिळतात आणि आजच्या टीव्हीला अमेरिकी एनटीएससी सिग्नलचं वावडं नाही. दुसरा अपवाद, ज्या चित्रपटाची तुम्हाला हवी ती आवृत्ती पुढे ब्लू-रेवर आलीच नाही. असे फार थोडे असतात. त्या दोन-चार डिस्कसाठी एक्सबॉक्सचा जुना एचडी डीव्हीडी ड्राइव्ह यूएसबीने संगणकाला लागतो, किंवा एलजीचा जीजीसी-एच२०एल हा दोन्ही वाचणारा ड्राइव्ह जुन्या बाजारात मिळतो. पुढे कॉपी करण्याचा विषय निघतो, पण डिस्कवरचं कॉपी रोखणारं कुलूप तोडण्यावर अमेरिकेत कडक कायदा आहे आणि आपल्याही कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून त्यावर कलम आहे, म्हणून ती वाट मी इथे समजावत नाही.

निळे डबे सगळे आणा, पण रीजनचं समजून घ्या. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केले. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप बी मध्ये, भारत, चीन, रशिया सी मध्ये. इथे अधिकृतपणे विकलेला प्लेअर ए ची कुलूपबंद डिस्क वाचणार नाही. मात्र हे कुलूप लावायचं की नाही हे स्टुडिओच्या मर्जीवर होतं. वॉर्नर, पॅरामाउंट आणि युनिव्हर्सलच्या बहुतेक डिस्क मोकळ्या आहेत. फॉक्सने सढळ हाताने कुलपं लावली. अभिजात चित्रपट काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या अमेरिकी ब्लू-रे रीजन ए लाच बांधलेल्या असतात. डीव्हीडीचा रीजन रिमोटवरचे चार आकडे दाबून निघायचा. ब्लू-रेचा तसा निघत नाही, बहुतेक यंत्रांत त्यासाठी आत हार्डवेअर बसवावं लागतं.

म्हणून काकांचा जुना अमेरिकी ब्लू-रे प्लेअर आणायचा. त्याच्या मागच्या लेबलचा फोटो मागवा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलं असेल तर १०० वॉटच्या वरचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि घरातल्या पाहुण्याने प्लग थेट भिंतीत घालू नये म्हणून तो ट्रान्सफॉर्मर प्लेअरलाच बांधून ठेवा. मी असे जळालेले पॉवर सप्लाय इतके पाहिलेत की लेबल न वाचता मी कोणाला प्लेअर लावू देत नाही. प्लेअर जर प्लेस्टेशन ३ असेल तर उत्तमच: पहिल्या पिढीतला तोच एक प्लेअर फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटने पुढच्या प्रोफाइलपर्यंत चढत गेला. बाकीचे २००६-०७ चे प्लेअर नव्या डिस्कच्या संरक्षण-किल्ल्या (कॉपी रोखणारे सांकेतिक आकडे) ओळखत नाहीत आणि त्यांना अपडेट येणं थांबलंय. काकांच्या जुन्या डिस्क ते वाचतील, आज विकत घेतलेली वाचतीलच याची हमी नाही.

नव्या खरेदीचं. फोर-के ब्लू-रे २०१६ मध्ये आला. ६६ आणि १०० जीबीच्या डिस्क, एचईव्हीसी कोडेक, रंगाला १० बिट, आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा. आणि रीजन कोड नाही. म्हणजे अमेरिकेतली काळी डबी इथल्या प्लेअरमध्ये सरळ चालते. काकांकडून पुढे काही मागवायचं तर तेच मागवा. ५५ इंची टीव्ही आठ-नऊ फुटांवरून पाहताना १०८० आणि फोर-के यातला रेषांचा फरक डोळ्याला फारसा कळत नाही, कितीतरी चित्रपटांचं मूळ कामही २के मध्येच, म्हणजे जवळपास १०८० इतक्याच बारकाईने झालेलं असतं. कळतो तो एचडीआरचा फरक: रात्रीच्या दृश्यातले दिवे, कातडीचे रंग, धुरातल्या छटा. तुमच्या टीव्हीची उजेडाची ताकद कमी असेल तर तोही कमी कळेल. टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर छापलेलं असतं म्हणून दिसतंच असं नाही.

स्ट्रीमिंगशी तुलना सगळेच विचारतात. फोर-के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मेगाबिटच्या आत भागवतं, फोर-के डिस्कला १०० च्या वर जायची मुभा आहे. धुकं, पाऊस, फिल्मचा दाणा अशा ठिकाणी ते दिसतं. पण माझ्या मते मोठा फरक आवाजाचा. डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो, म्हणजे स्टुडिओतला मूळ आवाज जसाच्या तसा. स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस (डॉल्बीचा चहूबाजूंचा आवाज) आकसवलेला असतो. तुमच्याकडे रिसीव्हर आणि स्पीकर असतील तर डिस्क घ्या. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर त्या पैशात आधी आवाजाची सोय करा, प्लेअर पुढच्या वर्षी.

मराठी चित्रपटांसाठी ब्लू-रे घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. नको. आपले बहुतेक चित्रपट व्हीसीडी आणि डीव्हीडीवरच थांबले. घरात मराठी नाटकांच्या, चित्रपटांच्या व्हीसीडी असतील तर जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात देऊ नका, कारण नवे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतीलच असं नाही. प्लेस्टेशन ५ तर साधी ऑडिओ सीडीही वाचत नाही.

कोणता घ्यायचा? ओप्पोने २०१८ मध्ये हा धंदा सोडला, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीनेही २०२४ च्या अखेरीस आवरतं घेतलं. हातात राहिले मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक. चित्र जमवून घेण्यात, विशेषतः कमी उजेडाच्या टीव्हीवर एचडीआर नीट बसवण्यात पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० माझ्या पसंतीचा. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ सरळ, दणकट. घरात गेम खेळणारं कोणी असेल तर डिस्कवालं प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्क वाचतं, मात्र दोन्ही डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा एक प्रकार) दाखवत नाहीत. प्लेस्टेशन ४ प्रो वर कोणी फोर-के डिस्क चालते म्हणून विकत असेल तर उठून या, ते वाचतच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने ब्लू-रे बंद केल्याची बातमी फिरली, ती घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या डिस्कची होती. चित्रपट छापणं चालू आहे.

वापरलेला प्लेअर घेत असाल तर दुकानदाराची डेमो डिस्क नको. आपली १०० जीबीची तीन थरांची फोर-के डिस्क घेऊन जा आणि ती शेवटच्या अर्ध्या तासात नेऊन चालवा. थकलेली लेन्स तिथेच पकडली जाते. पहिली दहा मिनिटं सगळेच प्लेअर छान चालवतात.

काकांसाठी निरोप: प्लेअरचे रिमोट त्याच खोक्यात टाका, कारण त्या काळच्या प्लेअरवर मेनू चालवायची बटणं नसतात. डबे तिथेच टाकून डिस्क कापडी पाकिटांच्या फोल्डरमध्ये घालायला हरकत नाही, वरचे कागद मात्र जपा, रीजनचं चिन्ह त्यावरच असतं. फोल्डर हातातल्या बॅगेत ठेवा. पुण्यात आल्यावर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर डिस्कवर बुरशीचे ठिपके धरतात. ते आले तर साध्या साबणाच्या पाण्याने धुवून मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही.